फोन मिळत राहिले, मग ई-स्कूटर का अडकली? रेअर अर्थ मॅग्नेटचं गणित समजून घ्या

तुमच्या वायरलेस इअरबड्सची केस घ्या आणि तिच्या कडेजवळ एक स्टेपलरची पिन न्या. पट्कन चिकटेल. केसचं झाकण 'टक्' करून बसतं, बड्स आपोआप जागेवर खेचले जातात, ही सगळी चुंबकाची करामत. फोनमध्येही तेच. स्पीकर, व्हायब्रेशनची मोटर, फोकस करताना कॅमेऱ्याची लेन्स सरकवणारी यंत्रणा, पाठीला चिकटणारा वायरलेस चार्जर, या सगळ्यांत छोटे पण तगडे चुंबक असतात. यांनाच रेअर अर्थ मॅग्नेट म्हणतात.

याच जातीचा, पण आकाराने मोठा चुंबक इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये असतो. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या आणि ती असलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर लायसन्सची अट घातली. पूर्ण बंदी नव्हती, पण परवानगी मिळेपर्यंत महिने जात होते. जुलैमध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने जाहीर सांगितलं की ऑगस्टमध्ये आमचं इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. पुढे माल मिळाला आणि ऑगस्टमध्येच पुरवठा पुन्हा सुरू झाला, पण धक्का बसायचा तो बसलाच. फोनच्या दुकानांत मात्र असं काही झालं नाही. का?

आधी प्रकार बघू

रेअर अर्थ म्हणजे १७ मूलद्रव्यांचा एक गट. नावात 'रेअर' असलं तरी ती फार दुर्मीळ नाहीत. त्यातलं सिरियम तर जमिनीत जवळपास तांब्याइतकं सापडतं. यांपासून मुख्यतः दोन प्रकारचे चुंबक बनतात.

निओडिमियम मॅग्नेट: निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं मिश्रण. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक वेगवेगळ्या वाटांनी इथे पोचले. बाजारात मिळणाऱ्या चुंबकांत हा सगळ्यात ताकदवान. दोन कच्चे दुवे आहेत: गंज आणि उष्णता. गंजू नये म्हणून त्यावर निकेलचा चकचकीत मुलामा देतात. उष्णतेचं म्हणाल तर साधा ग्रेड ८० अंश सेल्सिअसच्या वर गेला की आपली ताकद कायमची गमावू लागतो.

समेरियम-कोबाल्ट मॅग्नेट: हा त्याच्याही आधीचा, १९६० च्या दशकातला. ताकद थोडी कमी, किंमत जास्त आणि पडला तर तुकडे होणार. पण २५० अंशांच्या पुढेही टिकतो. म्हणून लढाऊ विमानं, क्षेपणास्त्रं, उपग्रह यांत वापरतात.

आणि फ्रिजच्या दाराच्या रबरातला किंवा मोठ्या स्पीकरमागचा काळा गोल चुंबक? तो फेराइट. त्यात रेअर अर्थ नसतं, स्वस्त असतो, पण ताकद निओडिमियमच्या साधारण दहाव्या हिश्श्याची. तेवढ्या ताकदीसाठी फेराइट घातला तर इअरबड कानात मावणार नाही.

खरी गोम उष्णतेत आहे

स्कूटरची मोटर चढावर दीडशे अंशांच्या आसपास तापू शकते. तिथे साधा निओडिमियम मॅग्नेट टिकत नाही. म्हणून त्यात थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. प्रमाण जेवणातल्या मिठासारखं, पण त्याशिवाय काम होत नाही. आता चीनची यादी बघा: समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यट्रियम. निओडिमियम त्यात नाहीच! म्हणजे चीनने सगळे चुंबक नाही अडवले, तापमान सहन करणारे अडवले. गाडी आणि क्षेपणास्त्र बरोब्बर कचाट्यात सापडतात.

फोन तेवढा तापत नाही. शिवाय फोनचे बरेचसे सुटे भाग चीनमधून तयार होऊनच येतात आणि लायसन्स लागायचं ते सुट्या चुंबकाला, तयार भागाला नाही. भारतात स्पीकर बनवणाऱ्यांना मात्र झळ बसली. काहींनी मग चुंबक आणण्याऐवजी तयार स्पीकरच चीनमधून मागवायला सुरुवात केली. गाड्यांच्या कंपन्यांतही अख्खी मोटर आयात करायचा विचार झाला. थोडक्यात, चुंबक अडवला की आपला कारखानाही हळूहळू तिकडे सरकतो. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात गंभीर भाग हा आहे.

आपल्याकडे साठा आहे ना?

आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट असतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणानुसार भारताचा साठा ६९ लाख टन आहे, जगात तिसरा. पण २०२४ मधलं उत्पादन सुमारे २,९०० टन, तर चीनचं २ लाख ७० हजार टन. मोनाझाइटमध्ये किरणोत्सारी थोरियम असतं, म्हणून हे काम प्रामुख्याने आयआरईएल या सरकारी कंपनीकडे राहिलं.

पण खोदणं हा सोपा भाग. ही मूलद्रव्यं रासायनिकदृष्ट्या जुळ्या भावांसारखी असतात. त्यांना वेगळं करायला ॲसिड आणि सॉल्व्हंटच्या शेकडो पायऱ्या लागतात. त्यानंतर धातू, मग पावडर, मग चुंबक. शुद्धीकरण आणि चुंबक बनवणं या दोन्हींत चीनचा वाटा ९० टक्क्यांच्या आसपास आहे.

२६ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. लक्ष्य आहे वर्षाला ६,००० टन चुंबक भारतात बनवण्याचं. पाऊल योग्य आहे. अडचण एकच: आपल्या वाळूत निओडिमियम बऱ्यापैकी आहे, पण डिस्प्रोसियम आणि टर्बियम अगदी थोडं. ते मुख्यतः दक्षिण चीन आणि म्यानमारच्या काचिन भागातल्या मातीतून येतं.

जपानला हा अनुभव २०१० मध्येच आला. चीनने पुरवठा रोखल्यावर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसे गुंतवले आणि कमी डिस्प्रोसियममध्ये भागवायचं तंत्र विकसित केलं. चीनवरचं अवलंबित्व ९० टक्क्यांवरून ६० च्या घरात आलं, पण त्याला दशकभर लागलं. आपल्यालाही दोन्ही वाटा धरायला लागतील: बाहेरून डिस्प्रोसियमची सोय आणि ते कमी किंवा अजिबात न लागणाऱ्या मोटरी.

त्यामुळे यापुढे 'भारतात रेअर अर्थचा मोठा साठा सापडला' अशी बातमी फॉरवर्ड होऊन आली, तर दोन प्रश्न विचारा. यात डिस्प्रोसियम आहे का? आणि ते वेगळं करणारा कारखाना कुठे आहे? उत्तर मिळालं नाही, तर ती नुसती वाळूची बातमी आहे.