संत लुईंच्या चरित्रातील गाळलेले पान

दरवर्षी २५ ऑगस्टला फ्रान्सचे राजे नववे लुई आपल्याला भेटतात ते व्हँसेनच्या वनात ओकवृक्षाखाली बसून रयतेचे तंटे सोडविणारे, भिकाऱ्यांचे पाय धुणारे, तीनशे अंधांसाठी आश्रम उभारणारे. यातले काहीच खोटे नाही. माझे भांडण आहे ते गाळलेल्या पानाशी.

१२४० साली पॅरिसमध्ये यहुद्यांच्या तालमूद ग्रंथावर खटला भरला. रब्बी यहिएल यांनी बाजू मांडली. निकाल विरुद्ध गेला. १२४२ च्या सुमारास गाड्या भरभरून हस्तलिखिते भर चौकात जाळली गेली. छापखान्यापूर्वीचा तो काळ. एकेक प्रत म्हणजे कुणा लेखनिकाचे कित्येक महिन्यांचे श्रम. पुढे १२६९ मध्ये यहुद्यांनी अंगावर कापडाचे गोल चिन्ह लावून हिंडावे, असा हुकूम याच राजांनी काढला. आणि याच राजांनी १२३९ मध्ये अमाप द्रव्य मोजून काट्यांचा मुकुट पॅरिसला आणला होता. तो मुकुट ज्या मस्तकावर रुतला ते यहुदी मस्तक होते, हे त्यांना कुणीच कसे सुचविले नाही?

‘काळच तसा होता’, असे आमचे चरित्रकार म्हणतात. मला ही सबब मान्य नाही. आपल्या वनात शिकार केली म्हणून कुसीच्या सरदाराने तीन तरुणांना फासावर लटकविले, तेव्हा ‘काळ’ सरदाराच्याच बाजूचा होता. बडे उमराव त्याच्या पाठीशी उभे राहिले. तरी १२५९ मध्ये लुईंनी त्याला कैद करून जबर दंड ठोठावला. काळापलीकडे पाहणारी दृष्टी त्यांना होती. यहुद्यांच्या बाबतीत ती मिटली.

मग त्यांचे संतपद काढून घ्यावे, असे म्हणणारे शहाणेही भेटतात. त्यांच्याशीही माझे जुळत नाही. १२९७ मध्ये पोप बोनिफास आठवे यांनी त्यांना संत म्हटले ते त्यांच्या प्रत्येक हुकुमावर मोहोर उठविण्यासाठी नव्हे. पापनिवेदनाला संतही जातात, हे धर्मशिक्षणाच्या पहिल्या इयत्तेत आपण मुलांना शिकवतो आणि चरित्र लिहिताना नेमके विसरतो. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात इस्राएलच्या प्रजेविरुद्ध घडलेल्या पापांसाठी उघडपणे क्षमा मागितली. पोपमहोदय जे वेदीवरून बोलले ते आमच्या पुस्तिकांत छापायला संकोच कसला?

मी स्वतः कितीतरी वर्षे ते पान गाळूनच प्रवचन केले. येत्या २५ ऑगस्टला ओकवृक्षाची कथा सांगेन, आणि लगेच त्या गाड्यांची.