छातीवरचा साक्षीदार

मध्यंतरी एक तरुण क्ष-किरण तंत्रज्ञ पत्नीसह माझ्या दवाखान्यात आला. तिला तिसरा महिना होता. "डॉक्टर, यांच्या कपड्यांतून ते किरण घरी येत असतील का?" तिने भीतभीतच विचारले.

येत नाहीत. यंत्र बंद होताच क्ष-किरण थांबतात. ते अंगाला वा कपड्यांना चिकटून राहत नाहीत. तिची काळजी मिटली. मग मी त्याला विचारले, "तुमचा टीएलडी बॅज कुठे असतो?" तो ओशाळला. "टेबलाच्या खणात. आकडा वाढला की चौकशी मागे लागते."

या बॅजची महती आपण जाणून घ्यावी. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या स्फटिकांच्या तीन लहान चकत्या असतात. मोडलेल्या हाडाला घालतात त्या प्लास्टरचेही मूळ द्रव्य हेच. मात्र या स्फटिकांत डिस्प्रोशियम हे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात मुद्दाम मिसळलेले असते. किरणोत्सर्गाने स्फटिकातील इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि त्यातील काही सूक्ष्म सापळ्यांत अडकून महिनोन्महिने तेथेच राहतात. साधारण तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो. तेथे चकत्या तापवल्या की ते इलेक्ट्रॉन सुटतात आणि स्फटिक मंद प्रकाशतो. जितका किरणोत्सर्ग झाला असेल, तितका हा प्रकाश अधिक. तो मोजून मात्रा ठरवली जाते.

आपल्या देशात अशा कर्मचाऱ्यांसाठी सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट, ही मर्यादा आहे.

बॅज किरण अडवत नाही. ते काम शिशाच्या एप्रनचे. बॅज केवळ साक्ष देतो. खणातल्या बॅजची साक्ष खणापुरतीच खरी! वाढलेला आकडा म्हणजे कर्मचाऱ्याचा गुन्हा नव्हे. यंत्रात, भिंतीत किंवा कामाच्या पद्धतीत काही उणे आहे का, हे शोधण्याची ती सूचना असते.

आपल्या घरी कुणी क्ष-किरण विभागात काम करीत असेल, तर त्यांना एवढे अवश्य सांगा: बॅज छातीवर, एप्रनच्या आत लावावा, दुसऱ्याला देऊ नये, स्वतःचा एक्स-रे काढताना मात्र काढून ठेवावा. आणि सकाळी डबा हाती देताना विचारा, "बॅज लावणार ना?"