मज्जातंतूंचें वेष्टन आणि विकाऊ आशा

विजेच्या तारेवर वेष्टन असतें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस ठाऊकच आहे. मानवी देहांतील पुष्कळशा मज्जातंतूंवरहि असेंच एक स्निग्ध वेष्टन असतें. १८५४ सालीं फिरखो या जर्मन शास्त्रज्ञानें त्यास ‘मायेलिन’ हें नांव दिलें. वेष्टित तंतूंतून संदेश सेकंदास १०० मीटरपर्यंत धांवतो. वेष्टनहीन तंतूंतून तो जेमतेम एक-दोन मीटर जातो. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगांत शरीराची संरक्षक शक्तीच हें वेष्टन नष्ट करिते; मग दृष्टि मंदावते व पाय लटपटूं लागतात.

निरोगी पेशींचें रोपण करून हें वेष्टन पुनः चढवितां येईल काय? १९७७ सालीं इंग्लंडांतील ब्लेकमोर यांनीं मांजराच्या पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतील पेशी त्याच्या पृष्ठरज्जूंत रोपिल्या, तों उघड्या तंतूंवर नवें वेष्टन आलें. २०१२ सालीं अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को येथील वैद्यांनीं जन्मतःच मायेलिन न बनणाऱ्या चार मुलांच्या मेंदूंत पेशी रोपिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नव्या मायेलिनचीं कांहीं चिन्हें दिसलीं. परंतु रोगमुक्त कोणीहि झालें नाहीं.

याचें कारण उघड आहे. परक्याच्या पेशी शरीर सहजासहजीं स्वीकारीत नाहीं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्यें नव्या वेष्टनावरहि जुनाच हल्ला होऊं शकतो. शिवाय मूळ तंतूच मेला, तर वेष्टन चढवावें तरी कशावर?

म्हणून आमचें मत असें कीं, या विद्येविषयीं आशा अवश्य बाळगावी, पण ती विकत घेऊं नये. ज्या घरांत मूल अंथरुणास खिळलें आहे, तेथील आईबाप दागिने मोडावयास व शेत गहाण टाकावयास तयार असतात. आणि खात्रीच्या गुणाची जाहिरात करणारे नेमके तेंच हेरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, रक्ताचे कांहीं विकार वगळतां, मान्यताप्राप्त प्रयोगाबाहेर मूलपेशींचा उपचार करणें हा वैद्यकीय गैरव्यवहार होय. तेव्हां पालकांनीं प्रथम विचारावें: हा प्रयोग अधिकृतपणें नोंदलेला आहे काय? असल्यास आम्हांपासून मोल कशाचें घेतां?

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें निराळें आहे. मांजरापासून मुलापर्यंत येण्यास ३५ वर्षें लागलीं, आणि काम अद्यापि अपुरें आहे. तें पुढें नेण्यास चिकाटीचीं माणसें हवींत. आमच्या वर्गांतून अशीं कांहीं निघालीं, तर आम्हांस धन्यता वाटेल.