घरचे भांडार, घरचीच किल्ली

जुलै २००९ मध्ये अमेरिकेतील काही वाचकांनी आपले किंडल उघडले, तेव्हा पैसे मोजून घेतलेले पुस्तक त्यातून नाहीसे झाले होते. ते पुस्तक जॉर्ज ऑर्वेलचे ‘१९८४’ असावे, हा योगायोग खुद्द ऑर्वेललाही सुचला नसता! विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, म्हणून ॲमेझॉनने दूरवरूनच प्रती पुसल्या आणि पैसे परत केले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हाही पैसे परत मिळाले. पुस्तके गेली ती गेलीच. ग्राहक ज्याला खरेदी समजत होता, ते वस्तुतः भाडे होते.

महिन्याची वर्गणी भरून चित्रपट व गाणी पाहण्या-ऐकण्यात गैर काही नाही. परंतु तेवढ्यावर विसंबून घरातील संग्रह माळ्यावर टाकून देणाऱ्यांची संख्या वाढत आहे, ही चिंतेची बाब आहे. गावच्या उत्सवातील कीर्तन, आजीच्या ओव्या, मुंजीचे चित्रण हे कोणत्याही कंपनीच्या यादीत कधीच येणार नाही. ध्वनिफितींना बुरशी लागते. व्हीएचएस फिती चालविणारी यंत्रे बनविणाऱ्या अखेरच्या जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. हातात असलेला काळ मोजका आहे.

या कामाला फार पैसा लागतो, हा समज मात्र खरा नाही. विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरले. कार्यालयांनी अडगळीत काढलेली ही छोटी यंत्रे लिनक्सवर उत्तम चालतात. त्यातही सातव्या पिढीतील यंत्र घरच्या भांडारासाठी विशेष उपयोगी आहे. कारण नव्या पद्धतीने आकुंचित केलेले चित्रण उलगडण्याची सोय त्याच्या चिपमध्येच असते. जेलीफिन ही मुक्त व विनामूल्य प्रणाली त्यावर बसविली, की घरातील दूरदर्शन संच, भ्रमणध्वनी, सर्वांना तोच संग्रह उपलब्ध होतो. एम्बी या प्रणालीने आपली संहिता बंदिस्त केली, तेव्हा २०१८ च्या अखेरीस काही स्वयंसेवकांनी जुन्या मुक्त संहितेवरून जेलीफिन उभे केले, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

यंत्र फुकट मिळाले तरी वीज फुकट नसते. पंधरा वॅट घेणारे यंत्र अहोरात्र चालले तर वर्षाला सुमारे १३१ युनिट होतात. सत्तर वॅटचा जुना मोठा डबा सहाशेवर जातो. जेथे वीज वारंवार जाते तेथे लहानसा यूपीएस हवाच. आणि बाहेरगावाहून संग्रह पाहता यावा म्हणून यंत्राची दारे इंटरनेटवर सताड उघडी टाकणे हा निव्वळ अविचार होय. त्यासाठी वायरगार्डसारखा बंद मार्ग वापरावा.

सर्वांत मोठी चूक निराळीच आहे. दोन डिस्कवर एकाच वेळी लेखन होते, म्हणजे प्रत सुरक्षित आहे, असे अनेकांना वाटते. चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते! जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील नायट्रेट फितींना आग लागून हजारो रिळे भस्मसात झाली. शासकीय संस्थेची ही गत, तर घराची काय कथा? एक प्रत घराबाहेर, भावाकडे वा लेकीकडे, हवीच. आणि ती वर्षातून एकदा उघडून पाहावयास हवी.

या छंदाच्या नावाखाली चोरीचे चित्रपट साठविणाऱ्यांचे समर्थन करता येणार नाही. कलावंताचा घामाचा पैसा बुडवून केलेल्या साठ्याला संग्रह हे नाव शोभत नाही. खरा संग्रह कष्टाचा असतो. साठ मिनिटांची ध्वनिफीत संगणकात घ्यावयास साठ मिनिटेच लागतात, घाई चालत नाही. फ्लॅक या प्रकारात, काहीही न गमावता, तासाभराच्या ध्वनिमुद्रणास साधारण तीनशे मेगाबाईट जागा लागते. शंभर ध्वनिफिती तीस-पस्तीस गिगाबाईटमध्ये बसतात. आजच्या डिस्कचा तो एक कोपरा.

जागेची अडचण अशी नाहीच. फाईलला नाव काय द्यावे, ही खरी अडचण आहे. फितीवर नुसतेच ‘कीर्तन, गणपती’ लिहिलेले असते. बुवा कोण, साल कोणते, मधेच हसणारी बाई कोण, हे सांगू शकणारी व्यक्ती बहुधा सत्तरीच्या पुढची असते. तिला शेजारी बसवून, वही घेऊन, पहिली फीत लावावी.