पदके स्वस्त झाली आहेत का?

दरवर्षी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट या दोन राष्ट्रीय दिवसांच्या पूर्वसंध्येला शौर्य आणि सेवा पदकांची यादी जाहीर होते. दुसऱ्या दिवशी ती वृत्तपत्रांत येते. फार मोठे नाव असेल तर पहिल्या पानावर, एरवी आतल्या पानावर बारीक टाइपात. आपण तीत महाराष्ट्रातली नावे शोधतो, आपल्या जिल्ह्याचे एखादे आडनाव दिसले की सुखावतो आणि पान उलटतो. अलीकडे मात्र या यादीबरोबर एक प्रश्नही हमखास ऐकू येतो. ‘इतकी पदके? मग पदकाला किंमत ती काय राहिली?’ असे विचारणारे सगळेच काही सैन्याचे टीकाकार नसतात. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षे वर्दी अंगावर वागवली, अशा निवृत्त सैनिकांच्या तोंडूनही मी हा प्रश्न ऐकला आहे. म्हणूनच तो झटकून टाकण्यासारखा नाही.

प्रथम आकडे पाहू. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही युद्धातील शौर्याची तीन पदके २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून ती लागू धरण्यात आली. तेव्हापासून आजवर परमवीर चक्र मिळाले ते फक्त २१ जणांना. त्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले. १९७१ च्या युद्धात चार आणि १९९९ च्या कारगिल युद्धात चार. परमवीर चक्र स्वस्त झाले, असे कोणाला म्हणवणार नाही.

पण शिखरावरून थोडे खाली उतरले की चित्र बदलते. २६ जानेवारी २०२५ च्या यादीत शौर्याचे ९३ सन्मान होते आणि सेवेबद्दलचे ३०५. म्हणजे शौर्याच्या एका पदकामागे सेवेची तीन. याखेरीज आहेत ती मोहिमेत भाग घेतल्याची, उंच प्रदेशात राहिल्याची, परदेशात गेल्याची, नऊ, वीस आणि तीस वर्षे नोकरी केल्याची पदके. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली, पन्नास झाली, पंचाहत्तर झाली, त्या त्या वेळी सेवेत असलेल्यांना त्याचीही पदके मिळाली. यातले एकही गैर नाही. पण सगळ्यांच्या रंगीत फिती छातीवर एका ओळीत लागल्या, की त्यातली जिवावर उदार होऊन मिळवलेली कोणती आणि कॅलेंडरची पाने उलटल्याने मिळालेली कोणती, हे सामान्य माणसाला कसे कळावे?

जुनेच दुखणे

पदकांची खिरापत वाटली जाण्याची तक्रार आपल्याकडचीच नाही, आणि आजचीही नाही. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, जून १८६३ मध्ये, मेन राज्याच्या २७ व्या पलटणीची मुदत संपत आली होती. शत्रू पेनसिल्व्हानियात शिरलेला, राजधानी वॉशिंग्टन उघडी पडण्याची भीती. जे थोडे दिवस अधिक थांबतील त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ देऊ, असे युद्धमंत्र्यांनी कबूल केले. सुमारे तीनशे जण थांबले. त्यांना लढावे लागलेच नाही. पदके मात्र निघाली ती सबंध पलटणीच्या नावाने, ८६४! घरी निघून गेलेल्यांनाही. पुढे १९१६-१७ मध्ये सेनाधिकाऱ्यांच्या मंडळाने सगळी जुनी दप्तरे तपासली आणि एकूण ९११ नावे यादीतून काढून टाकली. ज्या पदकाला आज अमेरिकेत सर्वोच्च मान आहे, त्याचा हा पूर्वेतिहास आहे. तरीही सवय सुटली नाही. १९८३ मध्ये ग्रेनाडा या चिमुकल्या बेटावर अमेरिकेने काही दिवसांची मोहीम केली, तेव्हा तिथे उतरलेल्या सैनिकांहून वाटलेली पदके अधिक, असा प्रकार घडला आणि त्याची थट्टा झाली.

मग संख्या वाढली की किंमत घटते, असा सरळ नियम मांडता येईल का? मला तसे वाटत नाही. १२ सप्टेंबर १८९७ रोजी सरहद्दीवरच्या सारागढी चौकीत शीख पलटणीचे २१ जवान हजारोंच्या जमावाशी अखेरपर्यंत लढले आणि सर्वच्या सर्व मारले गेले. त्या काळी हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळत नसे. तो हक्क १९११ साली मिळाला. हिंदी शिपायासाठी होते ते ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’. ते या एकवीसही जणांना मिळाले. एकाच तुकडीला, एकाच दिवसाच्या लढाईबद्दल, एकवीस पदके! पण सारागढीची पदके स्वस्त होती असे सव्वाशे वर्षांत कोणी म्हटलेले नाही. मेनच्या पलटणीची ८६४ आणि सारागढीची २१ यांतला खरा फरक आकड्याचा नाही. एकीकडे सांगण्यासारखी हकिगतच नव्हती. दुसरीकडे प्रत्येकाच्या नावामागे ती होती.

माझा मुद्दा हाच आहे. पदकाची किंमत किती जणांना ते मिळाले यावरून ठरत नाही, ते कशासाठी मिळाले हे लोकांना ठाऊक आहे की नाही यावर ठरते. हकिगत हरवली की पदकाचा नुसता बिल्ला होतो.

काशाचा तुकडा

धातूचे म्हणाल तर परमवीर चक्र काशाचे आहे. त्याच्या खालोखालची महावीर आणि वीर चक्रे चांदीची, आणि सर्वांत वरचे मात्र काशाचे. त्याची आकृती रेखाटली ती सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या स्वित्झर्लंडच्या. विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून इथल्या झाल्या आणि संस्कृत, पुराणे यांत इतक्या रमल्या, की पदकासाठी त्यांना आठवले ते इंद्राचे वज्र. ते वज्र कशाचे होते? दधीची ऋषीने स्वखुशीने दिलेल्या अस्थींचे. सर्वोच्च पदकावर कसले चिन्ह असावे, याचे याहून नेमके उत्तर मला सुचत नाही.

हे पदक जिवंतपणी मिळवणारे पहिले सैनिक म्हणजे कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. ते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या पलटणीचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे सैन्य निघाले होते. वाटेत सुरुंग पेरलेले, झाडे तोडून आडवी टाकलेली, मोऱ्या उडवलेल्या, आणि वरच्या टेकड्यांवरून गोळ्यांचा वर्षाव. ८ तारखेलाच उखळी तोफेच्या माऱ्यात त्यांची दोन माणसे ठार झाली आणि ते स्वतः मांडीला जखमी झाले. तरी ११ तारखेपर्यंत ते मागे हटले नाहीत. रणगाड्यांच्या पोटाखाली सरपटत त्यांनी सुरुंग काढले, अडसर उडवले आणि वाट मोकळी केली. किती शत्रू मारले, याचा आकडा या कथेत नाही. आहे तो मोकळा करून दिलेला रस्ता. राणे १९९४ साली पुण्यात वारले. त्यांचे नाव ज्यांना ठाऊक आहे अशांपैकी किती जणांना रणगाड्याखालची ही गोष्ट सांगता येईल?

गफलत कुठे होते

पदकांची किंमत खरोखर कमी होत असेल, तर ती तीन ठिकाणी होते, असे मला वाटते.

पहिले ठिकाण सरमिसळीचे. ‘सेना पदक’ हे १९६० साली सुरू झालेले पदक शौर्यासाठीही मिळते आणि उत्तम सेवेसाठीही. वर उल्लेखिलेल्या २०२५ च्या यादीतच शौर्यासाठीची ६६ सेना पदके आहेत आणि सेवेसाठीची ४३. पदक एकच. चकमकीत जखमी सोबत्याला ओढून आणणारा शिपाई आणि वर्षानुवर्षे चोख कारभार करणारा अधिकारी, दोघांच्याही छातीवर तीच फीत. चोख कारभाराचे मोल मी कमी लेखत नाही. त्याशिवाय सैन्य एक दिवस चालणार नाही. पण दोन वेगळ्या गुणांना दोन वेगळी चिन्हे असावीत, एवढी मागणी अवास्तव नव्हे. तीच गोष्ट हुद्द्याची. परम विशिष्ट सेवा पदक बहुधा लेफ्टनंट जनरल आणि त्या तोडीच्या अधिकाऱ्यांनाच मिळते. पदक हे पदाबरोबर चालत येते असे दिसू लागले, की शिपायाच्या मनात शंका उभी राहणारच.

दुसरे ठिकाण मोजदादीचे. पदकासाठी किती मारले हा आकडा महत्त्वाचा ठरू लागला, की आकडे तयार होऊ लागतात. २००३ साली आसामात एका कर्नलने काही नागरिकांच्या अंगावर टोमॅटो केचप ओतून त्यांना मेलेले अतिरेकी म्हणून दाखवले आणि तशी छायाचित्रे वर पाठवली. वरिष्ठांच्या इशाऱ्यावरून आपण हे केले, असे त्याचे म्हणणे होते. लष्करी न्यायालयाने त्याला बडतर्फ केले. वृत्तपत्रांनी त्याला ‘केचप कर्नल’ म्हणून हसून घेतले. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. त्या खोट्या रक्ताचा डाग पडतो तो खरे रक्त सांडलेल्यांच्या पदकांवर. मात्र सैन्याने ते प्रकरण दडपले नाही, चौकशी केली आणि शिक्षा दिली, हेही नोंदवले पाहिजे. नाणे खोटे निघाले की ते काढून टाकणे, हाच बाकीच्या नाण्यांची किंमत टिकवण्याचा मार्ग असतो.

तिसरे ठिकाण मौनाचे. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर १५ ऑगस्टच्या यादीत १५ वीर चक्रे जाहीर झाली. नावे कळली, कोणी नेमके काय केले ते सांगणारी प्रशस्तिपत्रे राजपत्रातून लोकांपुढे यायला ऑक्टोबर उजाडला. गुप्ततेची गरज मला मान्य आहे. पण जितके सांगता येते तितकेही वेळेवर, समजेल अशा भाषेत सांगितले नाही, तर मधल्या रिकाम्या जागेत कुजबुज शिरते. शौर्याला गुप्ततेने बाधा येत नाही, पण विश्वासाला येते.

घरच्यांना काय हवे असते?

२६ जानेवारी २००९ रोजी अकरा अशोक चक्रे जाहीर झाली. इतकी एका वेळी कधीच दिली गेली नव्हती. त्यांत मुंबईवरच्या हल्ल्यात कामी आलेले हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे होते. ही सारी पदके योग्यच का, अशी चर्चा तेव्हाही झाली. ओंबळे यांच्याबाबत कोणी तोंड उघडले नाही, कारण त्यांची गोष्ट साऱ्या देशाला पाठ होती: हातात फक्त काठी असताना त्यांनी कसाबची रायफल दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या.

याउलट अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांना पदक मिळूनही चैन पडले नाही. त्या रात्री नेमके काय घडले, हे त्यांना हवे होते. माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्यांनी नोंदी मिळवल्या, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांशी बोलल्या आणि २००९ सालीच त्यावर पुस्तक लिहिले. घरच्यांना पदक नको असते असे नाही. पण दिवाणखान्यातल्या चौकटीत बसवलेल्या त्या चक्राबरोबर त्यांना खरी हकिगतही हवी असते, मुलांना सांगायला, आणि स्वतःच्या मनाला सांगायलाही.

शत्रूलासुद्धा हे कळते. १९९९ मध्ये टायगर हिलवर पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान लढता लढता मारला गेला. त्याचे शव परत पाठवताना भारताचे ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी तो शौर्याने लढल्याची चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवली. पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर हे आपले सर्वोच्च पदक दिले. चार ओळींची ती चिठ्ठी म्हणजे शत्रूने लिहिलेले प्रशस्तिपत्र होते. त्या पदकाच्या किमतीबद्दल कोण शंका घेईल?

आपला वाटा

सरकारने भत्ते वाढवले आहेत. २०१७ साली ते दुप्पट झाले: परमवीर चक्राला महिना २० हजार रुपये, वीर चक्राला सात हजार, शौर्याच्या सेना पदकाला दोन हजार. राज्य सरकारे वेगळी रक्कम देतात आणि ती राज्याराज्यांत वेगवेगळी असते. एकाच लढाईत शेजारी उभे राहून लढलेल्या दोघांना केवळ गाव वेगळे म्हणून वेगवेगळी रक्कम मिळावी, हे बरे दिसत नाही. २०२३ साली अंदमानातल्या एकवीस बेटांना परमवीरांची नावे दिली गेली. २०२१ पासून ‘वीरगाथा’ उपक्रमात शाळेतली मुले शूरांवर लिहू लागली आहेत. हा उपक्रम मला बेटांपेक्षाही मोलाचा वाटतो, कारण गोष्ट सांगायची तर ती आधी माहीत करून घ्यावी लागते.

बाकीचे आपल्या हातात आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत, १० जुलै १९४४ रोजी, सोबतचे सगळे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चाल केली आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. मुंबई-गोवा रस्त्याने जाणारी किती कुटुंबे माणगावात गाडी थांबवून मुलांना ही गोष्ट सांगतात? साताऱ्यात तर अपशिंगे मिलिटरी नावाचे अख्खे गाव आहे, जिथे घराघरातून माणूस सैन्यात गेला. असे गाव पाहायला सहल का नेऊ नये?

पदके किती द्यायची, हे सेनाधिकाऱ्यांचे मंडळ ठरवील. कशी तपासायची, हेही त्यांनीच ठरवावे, आणि अधिक कठोरपणे ठरवावे. पण पदक एकदा दिले गेले, की त्याची राखण सैन्य करू शकत नाही. ती समाजाने करायची असते. पुढच्या यादीत तुमच्या तालुक्यातले एखादे नाव दिसले, तर पान उलटण्यापूर्वी त्याने काय केले ते शोधा, वाचा, आणि जेवताना घरात मोठ्याने सांगा. काशाच्या त्या तुकड्याला किंमत येते ती तिथेच.