जूनला रोप लावलं, मार्चला पाणी कोण घालणार?

५ जून जवळ आला की हुबळी-धारवाडमध्ये खड्डे खणायला माणसांची कमी पडत नाही. नवनगरातही तेच. कॉलेजची मुलं येतात, नोकरदार येतात, महिला मंडळं येतात. फोटो होतात, चहा होतो आणि मंडळी घरी जातात. यात वाईट काही नाही. पण सार्वजनिक जंगल असो की शहरातली झाडी, ती सांभाळायला माणसं खरी लागतात ती फेब्रुवारी ते मे. नेमकं तेव्हा स्वयंसेवकाला हाक मारणारं कोणी नसतं, आणि तो आपणहून गेला तरी त्याला काम सांगणारं कोणी नसतं.

झाड जाण्याचा अर्थ नवनगरच्या लोकांना वेगळा सांगायला नको. दोन शहरांच्या मधल्या या वसाहतीसमोरूनच बीआरटीएसचा २२ किलोमीटरचा रस्ता जातो. तो रुंद करताना कडेची मोठी झाडं गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते उद्घाटन झालं. बसला नाव दिलं ‘चिगरी’, म्हणजे इथल्या कन्नडात हरीण! बस सोयीची आहे, आम्हीही तिनेच फिरतो. पण झाड तोडलं की त्याच्या बदल्यात रोप लावू, हा जो सरकारी हिशेब सगळीकडे चालतो, तो कॉमर्सच्या माणसाला पटत नाही. पन्नास वर्षांचं झाड आणि दीड फुटाचं रोप एकाच रकान्यात मांडलेलं कुठल्या ऑडिटरने पास केलं असतं?

खरी गोम या हिशेबातच आहे. रोप लावणं हा एकदाचा खर्च, तो लगेच दिसतो. पाणी, कुंपण, राखण हा दरवर्षीचा खर्च, तो कोणाला दिसत नाही. महाराष्ट्राने २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं. त्यातली जगली किती, यावर पुढे इतका वाद झाला की २०२१ मध्ये आमदारांची चौकशी समिती नेमावी लागली. उलट कर्नाटकातली ‘कृषी अरण्य प्रोत्साह योजने’ बघा. शेतकऱ्याने आपल्या रानात रोप लावायचं आणि पैसे मिळतात ते जगलेल्या रोपामागे : पहिल्या वर्षाअखेर ३५ रुपये, दुसऱ्या ४०, तिसऱ्या ५०. रक्कम मोठी नाही, पण मोजणी बरोबर जागी आहे. हीच पद्धत सार्वजनिक जागेवरच्या झाडांना का नाही, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

लोक सार्वजनिक जमीन सांभाळत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी कुसनूर आठवावं. आज हे गाव हावेरी जिल्ह्यात आहे, तेव्हा ते धारवाड जिल्ह्यातच होतं. १९८४ मध्ये राज्य सरकारने हरिहर पॉलिफायबर्सबरोबर ‘कर्नाटक पल्पवुड्स’ ही कंपनी काढली. ५१ टक्के सरकार, ४९ टक्के कारखाना. चार जिल्ह्यांतली सुमारे ३०,००० हेक्टर सामायिक जमीन नीलगिरीसाठी ठरवली गेली. गुरं चारायची, सरपण आणायचं, तीच ही जमीन. धारवाडच्या ‘समाज परिवर्तन समुदाय’ने हे प्रकरण उचललं, सुप्रीम कोर्टातही नेलं. १४ नोव्हेंबर १९८७ ला सुमारे दोन हजार माणसं कुसनूरला जमली आणि ‘कित्तिको-हच्चिको’ आंदोलन केलं, म्हणजे उपटा आणि लावा. नीलगिरीची शंभरेक रोपं उपटली आणि त्या जागी फळाची, चाऱ्याची झाडं लावली. १९९१ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. तिथे आलेला माणूस पाहुणा म्हणून आला नव्हता. जमीन आपली आहे, हे त्याला ठाऊक होतं.

त्यानंतर १९९३ मध्ये कर्नाटकाने संयुक्त वन व्यवस्थापनाचा आदेश काढला. गावोगावी ग्राम वन समित्या झाल्या. महाराष्ट्राने तो वर्षभर आधीच काढला होता. या समित्या सगळ्याच चालल्या असं नाही, पण कागदावर तरी गावकऱ्याला जागा मिळाली, उत्पन्नात वाटा मिळाला. शहराच्या माणसाला तेवढंही नाही. त्याच्यासाठी वाट आहे ती २००२ च्या जैवविविधता कायद्याची. त्यानुसार महापालिकेलाही जैवविविधता समिती नेमावी लागते आणि लोकांच्या मदतीने नोंदवही करावी लागते. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यावर देशभर घाईघाईने नोंदवह्या तयार झाल्या. नवनगरच्या स्वयंसेवकांनी आपल्या भागातल्या झाडांची यादी करून तिथे द्यावी. पुढे तोडणीची वेळ आली तर अशी यादी भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडते.

हाताने करायची कामंही कमी नाहीत. वणव्याचा हंगाम महाराष्ट्राचं वन खातं १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतं, इकडेही ऊन तेवढंच. त्याआधी जाळरेषा साफ कराव्या लागतात. आग लागल्यावर मात्र विनाप्रशिक्षण धावू नये. २०१७ मध्ये बंडीपूरला आग विझवताना वनरक्षकच दगावला होता. घाणेरी काढणं हे असंच कष्टाचं काम, एकदा काढून भागत नाही. आणि प्रत्येक मोकळा माळ रोपांनी भरायचा नसतो. राणेबेन्नूरच्या अभयारण्यात काळवीट आणि माळढोकाच्या माळावर नीलगिरी लावली गेली, तेव्हा तोटा माळावरच्या पाखरांचा झाला.

यंदा रोप लावायचं बोलावणं आलं तर दोन गोष्टी विचारा. ही जागा कोणाच्या खात्यावर आहे? आणि मार्चमधल्या टँकरचे पैसे कोण देणार? सांगणारा भेटला तर कुदळ घेऊन जा. नाही भेटला तर गेल्या वर्षीचं रोप शोधा, जिवंत असेल तर त्याला घागरभर पाणी घाला.