गणवेश बदलला तरी पायरी तीच

जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात होते. त्यांचा हुद्दा फ्लाइट लेफ्टनंट. आमच्याकडच्या जुन्या माणसांना हे ठाऊक असतं, पण हा हुद्दा नेमका केवढा, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. तर मंडळी, भूदलातला कॅप्टन, नौदलातला लेफ्टनंट आणि हवाई दलातला फ्लाइट लेफ्टनंट हे तिघे एकाच पायरीवर. गंमत म्हणजे नौदलातला कॅप्टन मात्र भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा! थोडक्यात काय, नावावर जाऊ नये, पायरी पाहावी. आणि दोघे एकाच पायरीवर असतील तर ज्याला तो हुद्दा आधी मिळाला तो ज्येष्ठ.

मग माणूस एका दलातून दुसऱ्या दलात गेला तर? लढणाऱ्या अधिकाऱ्यांचं असं सहसा होत नाही. पायदळातल्या मेजरच्या हाती उद्या जहाज कसं देणार? डॉक्टरांची गोष्ट वेगळी. पुण्याच्या ए.एफ.एम.सी.मधून बाहेर पडलेले डॉक्टर तिन्ही दलांत जातात, आणि पुढे एका दलातून दुसऱ्या दलात त्यांची बदलीही होऊ शकते. या कॉलेजच्या प्रमुख असलेल्या पुनीता अरोरा २००४ साली लेफ्टनंट जनरल झाल्या. हा हुद्दा मिळवणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या महिला. पुढच्याच वर्षी त्या नौदलात गेल्या आणि सर्जन व्हाइस अॅडमिरल झाल्या. गणवेशाचा रंग बदलला, पायरी तीच राहिली. आरती सरीन यांनी तर तिन्ही दलांचे गणवेश घातले आणि २०२४ साली त्या तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. ताप जवानाचा असो की खलाशाचा, उपचार तेच. काम तेच, म्हणून मानही तोच. मला हा न्याय पटतो.

आता आमच्या पेशाकडे या. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची ज्येष्ठता यादी जिल्ह्यापुरती असते. आंतरजिल्हा बदलीने शिक्षक आपल्या जिल्ह्यात गेला की तिथल्या यादीत त्याचं नाव सर्वांत खाली. पगार कमी होत नाही, नोकरी तुटत नाही, पण पदोन्नतीच्या रांगेत तो नवखा. वास्तविक बाराखडी जळगावात वेगळी आणि मोखाड्यात वेगळी असते असं काही नाही!

याला दुसरी बाजू आहे, ती नाकारून चालणार नाही. त्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं केंद्रप्रमुखपदाची वाट पाहणाऱ्याच्या पुढे बाहेरून आलेल्याला उभं केलं, तर त्याच्यावर अन्याय होतो. नियम त्याच्यासाठी आहे, हे खरं.

पण या नियमाची किंमत शेवटी कोण मोजतं? जव्हार-मोखाड्यात घाटावरून आलेले शिक्षक मी पुष्कळ पाहिले. पाड्यावरच्या वारली, कोकणा, ठाकूर मुलांची बोली कानात बसायलाच दोन-तीन वर्षं जातात. त्यानंतर खरं शिकवणं सुरू होतं. नेमकं तेव्हा हिशेब मनात येतो, की इथे आणखी राहिलो तर तेवढी वर्षं वाया जाणार. म्हणजे जो जास्त राहील त्याचं नुकसान जास्त, आणि जो लवकर निघेल तो शहाणा! मग पाड्यावर पुन्हा नवे गुरुजी येतात, आणि मुलं पुन्हा पहिल्यापासून त्यांना आपली भाषा शिकवतात.

माझं म्हणणं एवढंच, की पूर्ण ज्येष्ठता नका देऊ, पण दुर्गम भागातल्या नोकरीची निम्मी वर्षं तरी नव्या यादीत धरा. तिथल्या शिक्षकाला थोडं सरकून बसावं लागेल, पण पाड्यावरच्या मुलांना गुरुजी चार वर्षं जास्त मिळतील.

लष्कराची शिस्त शाळांनी घ्यावी, असं येताजाता ऐकतो. घ्यायचीच तर आधी ही घ्या.